अप्पांनी बांधून ठेवलेलं विमान

अप्पांबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या पोटात अजून दुखतं. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मी बोलतही नाही. पण पेणच्या बाजारात, वडखळच्या नाक्यावर, अगदी रोह्यात माझ्या स्वतःच्या घरात कुणी "अप्पांसारखा माणूस होणे नाही" असं म्हणालं, की मी चहाचा कप उचलून खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. उभं आयुष्य मी लोकांना विमान उडवायला शिकवलं. माझ्याबद्दल असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

अप्पा माझे विद्यार्थी. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहत नाही. धरमतरच्या खाडीलगत, खारजमिनीवर भर घालून एका शेठने हौसेने धावपट्टी केली होती. तिथे त्याची लहानशी विमानशाळा होती, शाळेचं एक विमान होतं आणि शिकवायला मी होतो. रोज रोह्याहून मोटारसायकलने यायचं, एकाच्या विमानात बसून दुसऱ्याला शिकवायचं आणि संध्याकाळी परत जायचं. मोठ्या विमान कंपनीत जायचं माझं राहून गेलं, त्याची कारणं आता मलाही पटत नाहीत. आपलं स्वतःचं एक छोटं विमान असावं एवढीच इच्छा उरली होती, आणि ती शिकवण्याच्या पगारात बसणारी नव्हती.

अशा ठिकाणी एका सकाळी पांढरा लेंगा, पांढरा सदरा घातलेला, साठीला आलेला एक गृहस्थ गाडीतून उतरला. नखांत रंग भरलेला. हेच अप्पा. पेणजवळच्या रामवाडीला त्यांचा गणपतीचा कारखाना होता, बाप-आज्यापासूनचा. त्यांचे गणपती पार परदेशात जायचे.

"मास्तर, विमान शिकायला वयाची अट हाय का?"

"वयाची नाही, तब्येतीची आहे."

"मंग हा हात बघ." त्यांनी पंजा माझ्या नाकासमोर धरला. एक बोट हलत नव्हतं. "या हातानं देवाचे डोळे आखतो मी. केसाएवढी रेघ चुकली तर देव तिरळा होतो. अजून एक तिरळा झालेला नाय."

शिकले. बरे शिकले, उत्तम नाही म्हणणार मी. परवाना हातात पडतो न पडतो तोच त्यांनी दोन माणसांचं एक विमान विकत घेतलं, जुनं पण देखणं, अंगावर ताडपत्रीसारखं कापड ताणून बसवलेलं आणि पंखांना खालून ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा आधार. ते शोधलं मी, तपासलं मी, पहिल्यांदा आमच्या पट्टीवर आणून उतरवलं मी. नारळ अप्पांनी फोडला आणि पेढेही अप्पांच्याच नावाचे वाटले गेले.

त्याच दुपारी त्यांनी कारखान्यातून रंग आणि कुंचले मागवले आणि विमानाच्या नाकाडावर दोन डोळे आखले. मी म्हटलं, "अप्पा, हे काय?" तर म्हणाले, "डोळे आखल्याबिगर जीव येत नाय रे." डोळे सुंदर होते, ते नाकारून चालणार नाही. शाळेच्या विमानाशेजारी ते उभं राहिलं की आमचं विमान आंधळं वाटायला लागायचं.

आता गंमत ऐका. एवढं विमान घेतलं, पण अप्पा उडायचे किती? महिन्यातून एखादवेळ. खाडीवरून एक वळसा, कुंडलिकेच्या पात्रावरून रोह्यापर्यंत आणि माघारी. खाली उतरले की मात्र त्यांचा खरा दिवस सुरू व्हायचा. विमान पुसायचं, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, शेपटीची झडप फळ्यांत अडकवायची आणि मग जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना दोरांनी बांधायचं. बांधायला अर्धा दिवस. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ते बघायचो आणि मनात म्हणायचो, देवा, ज्याला उडायचंय त्याला खुर्ची दिलीस आणि ज्याला दोर आवळायचेत त्याला विमान.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. नव्या माणसाला ते ऐकवल्याशिवाय सोडत नसत. "उडत्या विमानाला पायलट असतो. उभ्या विमानाला कोण असतो?" लोक मान डोलवायचे. हे मीच त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत. छोटं विमान जमिनीवर उभं असतं ते आपल्या लेखी; वाऱ्याला ते ठाऊक नसतं. पंखाखालून जोराचा वारा शिरला की पंख उचलणारच, त्यासाठीच तो केलेला. मग विमान रिकामं असो, बंद असो, वारा त्याला उताणं करून टाकतो. आमची पट्टी खाडीकाठी. सकाळी डोंगराकडून वारा, दुपारनंतर समुद्राकडून, आणि उन्हाळ्याच्या शेवटी कुठूनही. पण मी सांगितलं तेव्हा तो धडा होता, आणि अप्पांनी सांगितलं की सुविचार व्हायचा.

भेटलं की नमस्कार नाही, रामराम नाही. पहिला प्रश्न, "वारा कुठला?" उत्तर आल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. बँकेतला कॅशियर, दवाखान्यातली नर्स, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा माझ्या घरी जेवायला आले तर माझ्या बायकोलाही दारातच विचारलं. तिने कपाळावरची बट कुठे उडते ते पाहून सांगितलं, "नदीकडून हाय, अप्पा." अप्पा इतके खूश झाले की त्या दिवसापासून "मास्तर, तुझ्यापरीस वहिनीला वारा जास्त कळतो" हे पालुपद सुरू झालं. बायको शाळेत शिक्षिका, एरवी कुणाच्या कौतुकाला भुलणारी नव्हे. पण त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापताना गुणगुणायची. माझ्यासाठी थापताना गुणगुणल्याचं आठवत नाही.

गाडीतून उतरताना अप्पा दार दोन्ही हातांनी धरून उतरायचे. शिकत असताना एकदा त्यांनी शाळेच्या विमानाचं दार वाऱ्याकडे पाठ करून उघडलं होतं आणि वाऱ्याने ते बिजागरीसकट मुरगाळलं होतं. तेव्हापासून दार म्हटलं की दोन हात. देवळाचं असो, न्हाणीघराचं असो. लोक त्यालाही नम्रता म्हणायचे.

आमचं खरं भांडण दोरावरून होतं. रामवाडीचे गणपती ट्रकात बसवून बांधतात ती एक कलाच आहे. खाली पेंढा, मध्ये गोणपाट आणि वरून मऊ सुती दोर, असा आवळलेला की घाटात ट्रक आडवा झाला तरी मूर्ती जागची हलू नये. नायलॉनचा दोर ते वापरत नाहीत, कारण नायलॉन रंग खातो. अप्पांनी विमान तसंच बांधायला घेतलं. सुती दोर, तीन ठिकाणी, घट्ट.

मी म्हटलं, "अप्पा, सुती दोर भिजला की आखडतो. आणि विमानाला बोटभर ढील लागते. नायलॉन घ्या."

"ढिला बांधलेला बाप्पा कुठं धड पोचलाय का मास्तर?"

"बाप्पाला पंख नसतात."

"म्हणून तर जास्त आवळायचं." आणि जमलेली सगळी मंडळी हसली. शाळेचा चौकीदारसुद्धा, ज्याला मी दर दिवाळीला कपडे घेत असे.

तरी मी सोडलं नाही. पुस्तक आणून दाखवलं, एक सुती दोर बादलीत बुडवून तो किती आखडतो ते दाखवलं. अप्पांनी कौतुकाने बघितलं, "खरंच की रे" म्हणाले आणि पुन्हा सुती दोरानेच विमान बांधलं. त्यांच्या गाठीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा दंडकही होता. लावून उपयोगही नव्हता. ती गाठ त्यांच्याच घराण्याची, दुसऱ्याच्या बोटांना उकलत नसे.

माझ्या मुलीचं लग्न रोह्यात झालं, ऐन वैशाखात. सकाळी अप्पा आले, "वारा कुठला?" विचारलं, मांडवाच्या खांबाला हात लावून पाहिला आणि सदऱ्याच्या बाह्या सरसावून बसले की दोर आवळत. नवरीकडचा प्रतिष्ठित पाहुणा खांबाखांबाला मिठी मारत फिरतोय. संध्याकाळी वावटळ आली. पलीकडच्या हॉलच्या अंगणातला मांडव उडून विजेच्या तारांवर जाऊन पडला. आमचा जागचा हलला नाही. झालं! वरपक्ष अप्पांभोवती. व्याही त्यांच्यासोबत फोटो काढून घेतायत, जावई पाया पडतोय. मी मुलीचा बाप, हातात अक्षतांचं ताट घेऊन कडेला. दुसऱ्या दिवशी मांडववाल्याला त्या गाठी सुटेनात. शेवटी कोयत्याने दोर कापले आणि त्याची भरपाई त्याने मागितली, ती मात्र माझ्याकडे.

आणखी एक सांगतो. गागोद्याच्या बाजूला कसलासा कार्यक्रम होता आणि कुणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर आमच्या पट्टीवर उतरणार होतं. साहेबलोकांनी चुन्याचा गोल आखला तो नेमका आमच्या विमानांशेजारी, रस्ता जवळ म्हणून. हेलिकॉप्टरच्या पंख्याचा वारा खाली आदळून चहूकडे पसरतो. शेजारी हलकं विमान असेल तर ते पत्रावळीसारखं उलटतं. मी सांगितलं, ऐकेनात. मी कचेरीत खेपा घातल्या, लेखी दिलं, भांडलो आणि शेवटी गोल पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला हलवून घेतला. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा तिकडे शामियान्याचं कापड उडालं, पुष्पगुच्छ खाडीत गेले. आमच्या टोकाला नुसती धूळ आली. पण त्या धुळीत अप्पा विमानाची शेपटी छातीशी धरून डोळे मिटून उभे होते, आणि नेमका तोच फोटो पेपरात आला. 'मूर्तिकाराने प्राणपणाने विमान वाचवले.' एवढ्या लांबून त्या वाऱ्याने मच्छरदाणी हलली नसती. अप्पांनी तो पेपर मलाच आणून दाखवला. "मास्तर, तुझं नाव नाय रे टाकलं त्यांनी. मी सांगितलं होतं." त्यांनी खरंच सांगितलं असणार, याचाच मला जास्त राग आला.

बायको एकदा म्हणाली, "तुम्हाला अप्पांचं विमान हवंय, का अप्पाच व्हायचंय?" मी चहाचा कप उचलून खिडकीपाशी गेलो.

विमान हवं होतं हे मात्र अप्पांनाही माहीत होतं. मी एकट्याने ते कधी उडवलं नव्हतं. "माझ्याबिगर नाय" असं ते म्हणायचे, देव्हाऱ्यातल्या मूर्तीबद्दल म्हणावं तसं. पण एकदा उतरल्यावर पंखाच्या सावलीत बसून भेळ खाताना त्यांनी आपणहून शब्द दिला. "मास्तर, ज्या वर्षी मला डोळे आखता येणार नायत, त्या वर्षी विमान तुझं. फुकट. पोरांना यातलं काय कळत नाय. सांभाळणारा तूच."

तेव्हापासून मी दरवर्षी आखणीच्या दिवसांत रामवाडीला जाऊ लागलो. कारखान्यात रंगाचा वास, ओळीने मांडलेले बिनडोळ्यांचे गणपती आणि मधे पाटावर अप्पा. लोकांना वाटे मास्तर मूर्ती बघायला येतात. मी हात बघायला जायचो. कुंचला टेकला, रेघ ओढली, उचलला. स्थिर. दरवर्षी स्थिर. "सुंदर झालेत अप्पा," असं म्हणून मी तोंड पाडून परत यायचो.

मग एका वर्षी तो हात थरथरला. अप्पांनी उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार दिला होता, तरी डोळ्याच्या कोपऱ्यात रेघ जराशी वाहावली. त्यांनी अंगठ्याने पुसून घेतली. पुन्हा ओढली, पुन्हा वाहावली. मला आनंद झाला. लपवून काय करू? पोटात गुदगुल्या झाल्या माझ्या.

अप्पांनी वर पाहिलं. "बघितलंस?"

"काय अप्पा?"

"बघितलंस तू. बघायलाच तर येतोस." आणि मोठ्याने हसले. कुंचला धुऊन शेजारी बसलेल्या मुलीच्या, त्यांच्या सुनेच्या, हातात दिला आणि मला म्हणाले, "अक्षय्य तृतीयेला ये. चांगला दिवस हाय. कागद करून ठेवतो."

रोह्याला येईपर्यंत मी मोटारसायकलवर गात होतो. बायकोने दार उघडून विचारलं, "झालं का मनासारखं?" मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, "त्यांचा हात गेला म्हणून एवढा आनंद?" त्या रात्री जेवण बेताचंच गेलं, पण झोप छान लागली.

तृतीयेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी अवकाळी सरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टीवर गेलो तर अप्पांच्या विमानाचे दोर तारेसारखे ताणलेले. भिजून आखडले होते आणि पंख खाली ओढला गेला होता. मी फोन लावला. "अप्पा, दोर आखडलेत. लवकर या, ढिले करायला हवेत."

"निघालोच. तू हात लावू नको."

मी हात लावला. माझंच होणारं विमान होतं ते. पण भिजलेली ती गाठ माझ्या बापाला सुटली नसती. नखं फाटली. दोर कापावा तर विमान मोकळं होणार, आणि तोवर डोंगराकडून आभाळ काळं होत येताना दिसत होतं. बदली दोर आणायला चौकीदाराला पळवलं, आणि तो अर्ध्या वाटेत असताना वारा येऊन आदळला.

शाळेचं विमान नायलॉनच्या दोराला बोटभर ढील घेऊन दाव्याच्या म्हशीसारखं मागे-पुढे होत राहिलं. त्याला काही झालं नाही. अप्पांच्या विमानाला हलायला जागाच नव्हती. वारा पंख वर ओढायचा, दोर खाली ओढायचा, आणि मधे तो बिचारा दांडा. मी पंखाला लोंबकळलो. पाय जमिनीवरून सुटत होते.

चौकीदार ओरडला, "मास्तर, सोडा त्याला! पंख डोक्यात यील!"

"धर तू दुसरीकडून!"

त्याने धरलं. काही उपयोग नव्हता. आधी दांडा वाकला, मग पंखाच्या मुळाशी काहीतरी कडाडलं आणि पंख एका अंगाला लोंबायला लागला. वारा आला तसा निघून गेला. खुंटी उपटली नव्हती, दोर तुटला नव्हता, गाठ सुटली नव्हती. विमान तेवढं मोडलं होतं.

अप्पा पोचले तेव्हा ऊन पडलं होतं. दार दोन्ही हातांनी धरून उतरले, विमानाजवळ आले, लोंबत्या पंखावर हात फिरवला. मग जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर बरोबर होता. इतकी वर्षं सांगत होता. मी ऐकलं नाय. चूक माझी."

आणि काय सांगू तुम्हाला, लोकांच्या डोळ्यांत पाणी! "केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!" शेठ म्हणाला. जो बरोबर होता, तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता, फाटलेल्या नखांनिशी. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मी म्हटलं, "जाऊ द्या अप्पा. दांडा बदलून मिळतो. पंख उघडून तपासून घेऊ. मी माझ्या खर्चाने करतो. उद्या काय, पुढच्या महिन्यात द्या."

अप्पांनी मान हलवली. "खंडित झालं ते."

"म्हणजे?"

"भंगलेली मूर्ती आमच्या घरातनं कुणाला देत नायत मास्तर. विकत नायत, सांधत नायत. विसर्जन करतात."

मला वाटलं धक्क्याने बोलतायत, दोन दिवसांत निवळतील. अक्षय्य तृतीया गेली. मी रामवाडीला रोज जाऊ लागलो. ओळखीचा मेकॅनिक घेऊन गेलो. तो म्हणाला दुरुस्त होईल, तपासणी करून कागदही मिळेल. सुनेला मध्यस्थी घातली. शेवटी एक दिवस कारखान्यात सगळ्यांसमोर ओरडलो, "अहो अप्पा, ते विमान आहे, देव नाही!"

अप्पा शांतपणे म्हणाले, "मंग इतकी वर्षं मी कुणाला बांधून ठेवत होतो?"

 मग त्यांनी मला जवळ बसवलं. त्यांच्या वडिलांनी एकदा हाताला तडा गेलेली मूर्ती सांधून, वरून रंग देऊन दिली होती. वरून काही दिसत नव्हतं. ज्यांच्या घरी गेली, त्यांच्या घरी आरती चालू असताना हात गळून पडला. वडिलांनी त्या घरी जाऊन नाक घासलं आणि त्या वर्षी उरलेल्या मूर्ती विकल्या नाहीत. "देवाचा हात पडला, माणसाला काय झालं नाय. पण वरती तू असशील, मास्तर. रंगाखाली तडा राहिला तर? तू माझा गुरू. गुरूला भंगलेलं देऊ?"

"तपासता येतं हो, अप्पा," मी म्हणालो.  "यंत्र लावून तपासतात. मला माहितीये. मी शिकवलंय तुम्हाला."

"व्हय, तूच शिकवलंस," ते म्हणाले. पण निर्णय बदलला नाही. ज्या हट्टाने त्यांनी दोर आवळला होता, त्याच हट्टाने त्यांनी माझं विमान बुडवायला काढलं.

विसर्जन ठरलं त्यांच्याच खाजणातल्या एका जुन्या तळ्यात, जिथे पूर्वी कोळंबी करायचे. मासळीला त्रास नको म्हणून इंजिन, टाकी, तेल, बॅटरी सगळं काढून घेतलं होतं. उरला तो सांगाडा, कापड आणि ते दोन डोळे. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "जा. नाहीतर जन्मभर चरफडत बसाल." जन्मभर चरफडायचं तर होतंच, पण गेलो.

कारखान्याची सगळी माणसं आली होती. अप्पांनी ढोल नको म्हणून सांगितलं होतं, फक्त झांजा. त्यांनी आरती केली, नाकाडाला हळदकुंकू लावलं. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. आठ-दहा जणांनी विमान उचलून बांधावर आणलं, आणि तिथे खाडीवरचा वारा चांगल्या पंखाखाली शिरला. ते सगळे त्याच्यासकट हेलपाटले.

"वाऱ्याकडे तोंड करा! नाक वाऱ्याकडे!" मी ओरडलो. "पंख खाली दाबा. तू शेपटी धर. चला, आता सावकाश."

त्यांनी ऐकलं. माझ्या हुकुमावर ते विमान फिरलं, सरळ झालं आणि पाण्यात गेलं. लगेच बुडालं नाही. कापडात हवा होती, बांबूने दाबावं लागलं. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणायला कुणीतरी सुरुवात केली आणि मधेच थांबला, कारण हे पुढच्या वर्षी येणार नव्हतं. डोळे पाण्याखाली गेले तेव्हा अप्पांनी हात जोडले. माझ्याकडून हात जोडले गेले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होतो. एवढी हौसेची वस्तू पाण्यात घालून हा माणूस ताठ उभा होता, आणि मला त्याचाही हेवा वाटला. माझ्या जागी ते असते तर रडले नसते. त्यांच्या जागी मी असतो तर विमान बुडवलं नसतं. तडा घेऊन उडालो असतो.

गणपती बुडवला की पाटावर त्याच पाण्यातली मूठभर वाळू घेऊन माघारी येतात. ज्याच्या घरचा गणपती, त्याच्या घरी तो पाट जातो. सुनेने तळ्याच्या काठावरची ओंजळभर माती पाटावर ठेवली आणि पाट अप्पांकडे दिला. अप्पा गाडीकडे निघाले. मी मोटारसायकल सुरू करत होतो. ते गाडी ओलांडून पुढे आले आणि सगळ्यांच्या देखत तो पाट माझ्या हातात ठेवला.

"अप्पा, हा तुमचा."

"माझा कसा? तृतीयेला मी शब्द दिला होता. तृतीया होऊन गेली. तुझं होतं ते."

मी भांडायला तोंड उघडलं. माझं होतं तर मला न विचारता बुडवलंत कसं, हे विचारायचं होतं. पण अप्पांचे हात पाटाखाली होते, पाटासकट थरथरत होते. मी तो धरला, म्हणून माती सांडली नाही.

पाट टाकीवर आडवा ठेवून, एका हाताने धरून मी वडखळ, नागोठणे करत रोह्याला आलो. वाऱ्याने माती सुकून उडायला लागली तेव्हा वाटेत थांबून रुमाल ओला करून वर टाकला. नाक्यावर एकाने विचारलं, "मास्तर, आत्ता कुठला गणपती?" मी रुमाल नीट केला आणि निघालो.

बायकोने दार उघडलं. पाट पाहिला आणि काही न विचारता आत जाऊन तांब्या आणि निरांजन घेऊन आली. माझ्या पायांवर पाणी घातलं, पाटाला ओवाळलं. मग हळूच विचारलं, "अप्पांच्या विमानाचा?"

"नाही गं," मी म्हणालो. "आपल्या."